मार खाणारं पोर सांगणार कुणाला?

मुलांना न मारता, न घाबरवता कसं वाढवायचं यावर गावात पालकांचे वर्ग भरवावेत, अशी सूचना खानदेशातल्या कुठल्याही ग्रामसभेत मांडून पाहा. आधी हशा पिकतो. मग पारावरचा एक गट म्हणतो, "पोऱ्याले धाक नई राह्यना ते तो वाया जास." दुसरा गट, यात शिकलेली आणि नोकरीतली मंडळी जास्त, म्हणतो की वर्गबिर्ग कसले भरवता, कायदा कडक करा आणि मारणाऱ्या बापाला आत टाका. तिसरा गट चहा येईपर्यंत मोबाइल बघत असतो. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची घटना उघडकीस आली तेव्हा मुलांच्या सुरक्षिततेची सगळी चर्चा फाशी आणि सीसीटीव्ही या दोन शब्दांभोवती फिरली. जून 2025 मध्ये सांगली जिल्ह्यात नीटच्या सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून बापाने केलेल्या मारहाणीत मुलगी गेली, तेव्हा चर्चा "इतकं कोणी मारतं का?" इथे येऊन थांबली. म्हणजे मारावं की नाही हा प्रश्नच नव्हता. किती मारलेलं चालेल, एवढंच काय ते ठरवायचं राहिलं होतं.

माझी भूमिका आधीच सांगतो. घरात मुलांवर होणारी मारझोड कमी करायची असेल तर गावपातळीवर पालकांचे वर्ग चालवले पाहिजेत. ते गावातल्याच, नीट प्रशिक्षण घेतलेल्या माणसांनी चालवावेत, आठवड्याला एक याप्रमाणे निदान तीन महिने चालवावेत, आणि त्यांचा खर्च सरकारने रेशन-लसीकरणाच्या पंगतीला बसवून उचलावा. एका दुपारी पाहुणा वक्ता बोलावून, हार-नारळ करून त्याला 'आजचे पालकत्व' या विषयावर दीड तास बोलायला लावणं हा पालकवर्ग नव्हे. ते आपल्याकडे भरपूर झालं आणि त्यातून फोटो सोडून काही निघालं नाही.

मार वाईट असतो म्हणून तो थांबवायचा, हे एक कारण झालं. मला त्याहून मोठं वाटणारं कारण वेगळं आहे: मार खाणारं पोर सांगत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012 चा. त्याखाली नोंदलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीतला असण्याचं प्रमाण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत वर्षानुवर्षं 90 टक्क्यांच्या वर राहिलं आहे. ओळखीतला म्हणजे शेजारी, नातेवाईक, शिकवणीवाला, घरी येणारा-जाणारा. तिथे कॅमेरा कुठे लावणार? चुलत्याच्या ओसरीवर? अशा ठिकाणी एकच गोष्ट कामाची, ती म्हणजे पोराने घरी येऊन सांगणं. आणि दूध सांडलं म्हणून, पेन हरवला म्हणून, भावाला रडवलं म्हणून जिने मार खाल्लाय, ती मुलगी असली गोष्ट कुणाला सांगेल? तिला पक्कं ठाऊक असतं की पहिला प्रश्न "तू तिकडे गेलीच कशाला?" हाच येणार. चौकात मेणबत्ती घेऊन फाशी मागणारा बाप आणि घरात पोरीला तोंड उघडू न देणारा बाप पुष्कळदा एकच असतो. त्याला हे दिसत नाही, कारण त्याच्या लेखी एक गुन्हा आहे आणि दुसरं वळण लावणं.

आता कायदावाल्यांचं म्हणणं घेऊ, कारण ते हलकं नाही. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1992 मध्ये मान्यतेची मोहोर उठवली. त्याचं 19 वं कलम घरातल्या हिंसेपासूनही मुलाचं रक्षण करायला सांगतं. शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शाळेतली छडी बंद केली. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं 75 वं कलम मुलाचा ताबा असणाऱ्याने त्याच्याशी क्रूरपणे वागल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखाचा दंड किंवा दोन्ही सांगतं. घरातल्या नेहमीच्या मारावर मात्र आपल्याकडे स्पष्ट बंदी नाही. उलट, 12 वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देणारं इंग्रजांच्या दंडसंहितेतलं 89 वं कलम नव्या भारतीय न्याय संहितेत 27 वं होऊन जसंच्या तसं बसलं आहे. सद्भावना कोणाला नसते? कानफटात देणाऱ्या प्रत्येक हातामागे ती असतेच. हा आडोसा जायला हवा, याबद्दल माझं दुमत नाही. मूल ही आईबापाची मालमत्ता नाही हे राज्याने कुठेतरी लिहून ठेवलंच पाहिजे.

पण लिहिल्यानंतर काय? केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतल्या 12 हजारांवर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर तिघांतल्या दोघांनी शारीरिक मारहाण सोसली होती, आणि घरात मार खाल्लेल्यांपैकी बहुतेकांना मारणारे आईबापच होते. इतक्या आईबापांना कुठल्या तुरुंगात ठेवणार? आठ वर्षांचं पोर 1098 या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करून बापाची तक्रार करील, मग बाप आत जाईल, मग घरातली मजुरी बंद होईल, मग सगळं खापर त्या पोराच्या डोक्यावर फुटेल. हे आईला कळतं, पोराला कळतं, पोलीस पाटलालाही कळतं. म्हणून तक्रार होत नाही. बालविवाहाचं उदाहरण तर आपल्या दारातलं आहे. शारदा कायदा 1929 चा. 90 वर्षांनी झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. कायदा रद्दी होता असं मी म्हणत नाही. पण लग्नाच्या मांडवात पोलीस पोचेपर्यंत जे घडायचं ते घरात आधीच ठरून गेलेलं असतं.

स्वीडनचा दाखला दोन्ही बाजू देतात, आणि अर्धाच देतात. घरातल्या मारावर बंदी घालणारा तो जगातला पहिला देश, 1979 साली. पण त्या बंदीला स्वतंत्र शिक्षा जोडलेली नव्हती. सरकारने केलं ते असं की मुलं असलेल्या घराघरांत माहितीपुस्तिका पाठवल्या आणि दुधाच्या खोक्यांवर हा मजकूर छापला, म्हणजे सकाळी न्याहारीला आईबाप आणि पोरं एकाच टेबलावर ते वाचतील. मार आवश्यक आहे असं मानणारे तिथे साठच्या दशकाच्या मध्यावर निम्म्याहून जास्त होते, नव्वदच्या दशकात ते दहातल्या एकावर आले. आणि ही उतरण कायद्याच्या आधीच सुरू झालेली होती. कायद्याने तिला शिक्का दिला. पालकांशी बोलणं आधी, दंडुका नंतर, आणि तोही जवळजवळ न उगारता.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. विधवेने लोकलाजेपायी पोटचं बाळ मारलं तर इंग्रजी कायदा तिला काळ्या पाण्यावर धाडत होता. त्या काळात शिक्षा पुरेशी कडक नाही असं कोणी म्हणू शकत नव्हतं. तरी बाळं मरत होती. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं आणि विधवांनो, इथे गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हा, अशी जाहीर हाक दिली. न्यायाधीशाचं काम बाळ मेल्यावर सुरू होत होतं. या दोघांनी बाई हतबल होते त्या क्षणाच्या आधीचं काम हाती घेतलं. तेव्हाही लोक म्हणालेच की अशाने पाप वाढेल. पालकवर्गांना "अशाने पोरं शेफारतील" म्हणणाऱ्यांचा सूर मला फार वेगळा वाटत नाही.

"आम्हीही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?" हा प्रश्न मात्र थट्टेने उडवण्यासारखा नाही. तो विचारणारी माणसं बहुधा भली असतात, आणि त्यांच्या मनात आपल्या आईचा अपमान होऊ नये ही तळमळ असते. मराठी माणसाकडे तर याचा सर्वांत प्रिय पुरावा आहे: श्यामच्या आईनेही श्यामला पोहायला जात नाही म्हणून शिंपटीने मारलं होतं. खरं आहे. पण ते प्रकरण नीट वाचणाऱ्याला हेही आठवेल की नंतर तेच वळ पाहून त्या माउलीचा जीव कासावीस होतो. आणि बाकीच्या सगळ्या रात्री ती काय करते? समजावते, गोष्ट सांगते, स्वतः करून दाखवते, लेकराच्या बारीकसारीक शंकेला उत्तर देते. श्याम घडला तो त्या असंख्य संध्याकाळींनी. आपण मात्र शिंपटी तेवढी लक्षात ठेवली, कारण ती सोपी आहे. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात आमच्या अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, वसतिगृहही सांभाळत. तिथल्या आळशी मुलांच्या खोल्या त्यांनी स्वतः झाडल्या, पसरलेले कपडे घड्या घालून ठेवले, आणि मुलं शरमेने कामाला लागली. शिंपटीचा संस्कार त्यांनी पुढे चालवला नाही, हे त्यांच्या नावाने मारकुटेपणाचं समर्थन करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

उरला "बिघडलं काय" हा सवाल. आमच्या आजोबांच्या पिढीत बहुतेकांना गोवर झाला आणि त्यातले पुष्कळ जगले. म्हणून नातवाची लस कोणी चुकवत नाही. जे तगले तेच आज बोलायला आहेत. अभ्यासांचं म्हणाल तर इथे एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. मारामुळे पोर हट्टी होतं की हट्टी पोरच जास्त मार खातं, हे नुसत्या एका पाहणीतून कळत नाही. म्हणून एकाच मुलाला वर्षानुवर्षं पाहणारे अभ्यास लागतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 2021 साली अशा 69 अभ्यासांचा आढावा आला. निष्कर्ष असा की मारलेल्या मुलांचं वागणं काळाबरोबर बिघडत जातं, आधीचा हट्टीपणा हिशेबात धरला तरीही. आणि मारामुळे वागणं सुधारतं असं काही त्यात दिसलं नाही. पोर त्या क्षणी गप्प बसतं, एवढाच त्याचा गुण. दुपारच्या उन्हात कापूस वेचून आलेल्या माणसाला तो गुण पुरेसा वाटतो, हे मला समजतं.

इथेच गरिबीचा मुद्दा येतो आणि तो सगळ्यांत खरा आहे. साक्री, नवापूर, अक्कलकुव्याकडून दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, गुजरातच्या उसाच्या फडांवर जातात; चाळीसगावकडचे तांडे उसाच्या पट्ट्यात उतरतात. पोरं एक तर फडावरच्या पाचटाच्या झोपडीत, नाहीतर म्हाताऱ्या आजीजवळ. उचल फेडायची आहे, मुकादमाचा तगादा आहे, नवरा प्यायलेला आहे, आणि तुम्ही त्या बाईला सांगणार की ताई, मुलाशी डोळ्यांत डोळे घालून बोला? तिने तुम्हाला तिथेच कोयता दाखवला तर चूक तिची नाही. मजुरी, पाणी, रेशन, हंगामी वसतिगृह हे आधी, याबद्दल वाद घालण्यासारखं काही नाही.

तरीही यातून "म्हणून पालकवर्ग नको" हे कसं निघतं, ते मला कळत नाही. ताण जास्त म्हणून आधार कमी हवा? शिवाय मार ही गरिबाची मक्तेदारी नाही. सांगलीतला तो बाप शाळेत शिकवत होता. जळगावच्या किंवा धुळ्याच्या कुठल्याही कॉलनीत संध्याकाळी क्लासची चाचणी झाली की कोणत्या घरातून काय आवाज येतात हे शेजाऱ्यांना विचारा. चारचाकी आहे, इन्व्हर्टर आहे, भिंतीवर आवर्त सारणी चिकटवलेली आहे, आणि सोळा वर्षांचा मुलगा जेवायच्या ताटावर बापाची नजर चुकवतोय. त्या घराला रोजगार हमी देऊन काय होणार? पालकवर्ग 'मागास' वस्तीसाठीच हवेत असं ज्या दिवशी ठरेल त्या दिवशी ते मेले म्हणून समजा. पहिल्या फेरीत मुख्याध्यापक, बँकेतले साहेब आणि क्लासचालक बसले तरच पाड्यावरच्या माणसाला हे प्रकरण आपल्याला कमी लेखण्याचं नाही असं वाटेल.

पाड्याचा विषय निघालाच आहे तर मला सगळ्यांत जड गेलेल्या आक्षेपाकडे येतो. सातपुड्यातला एखादा भिल्ल किंवा पावरा कार्यकर्ता म्हणू शकतो: तुम्ही कोण आम्हाला पोरं वाढवायला शिकवणारे? हा राग इतिहासातून आलेला आहे. 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. 1897 च्या दुरुस्तीने त्यांची लेकरं आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवायची मुभा सरकारला दिली. पारध्यांच्या पालावर आजही त्या कायद्याची सावली आहे. ऑस्ट्रेलियात सरकारने आणि मिशनांनी आदिवासींची पोरं 'चांगल्या संगोपना'साठी उचलून नेली, आणि 2008 मध्ये तिथल्या पंतप्रधानाला संसदेत उभं राहून माफी मागावी लागली. 'पालकांना सुधारणं' या कल्पनेच्या पोटात हा विंचू आहे. आणि खरं सांगायचं तर, धडगावच्या एखाद्या पाड्यावर पोरांशी बोलण्यात जो मोकळेपणा मला दिसतो तो आमच्या गावठाणात क्वचित दिसतो. तिथे पाचसहा वर्षांचं पोर शेळ्यांमागे जातं, त्याच्यावर विश्वास टाकलेला असतो. आमच्याकडे पंधरा वर्षांच्या मुलाला दुकानातून सुटे आणायला पाठवताना तीनदा बजावतात.

मग उत्तर काय? माझ्या मते, वर्गाची मांडणीच उलटी करायची. बाहेरून आलेला शहाणा आणि खाली बसलेले अडाणी अशी नव्हे. आठ-दहा घरांची माणसं गोलात, आणि पहिला प्रश्न असा की काल पोराने काय केलं, तुम्ही काय केलं, मग काय झालं. गाडगेबाबांचं कीर्तन आठवा. ते उपदेशापेक्षा सवालच जास्त करत, उत्तर समोरच्यांच्या तोंडून काढत, आणि लोक आपलंच उत्तर ऐकून वरमत. खानदेशात वहीगायनाची चाल आहे, रात्र रात्र लोक बसतात. साधनं आपल्याकडे आहेत. जगात चाललेल्या चांगल्या पालकवर्गांचा आराखडाही थोडाफार असाच असतो: रोज थोडा वेळ मूल म्हणेल तो खेळ त्याच्यासोबत खेळायचा, चांगलं केलं की नेमकं काय चांगलं केलं ते बोलून दाखवायचं, एका वेळी एकच सूचना द्यायची, आपला राग चढला की तिथून दोन मिनिटं बाजूला व्हायचं. हे सगळं वर्गात एकमेकांसोबत करून बघायचं, घरी जाऊन करायचं, पुढच्या आठवड्यात काय फसलं ते सांगायचं. जो आला नाही त्याच्या घरी जायचं. वाचायला हे बाळबोध वाटतं. करून बघा. 'शाबास' हा शब्द आपल्या पोराला मागच्या आठवड्यात किती वेळा म्हटला, हे मी ओळखीच्या बापांना विचारतो तेव्हा बहुतेकांना हसू येतं आणि मग ते विषय बदलतात.

याने खरंच मार कमी होतो का? इथे समर्थक मंडळी थोडी घाई करतात, म्हणून सविस्तर सांगतो. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात 40 खेडी-वस्त्यांतल्या 552 कुटुंबांवर एक मोठी चाचणी झाली, 2018 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. किशोरवयीन मुलं आणि त्यांचे पालक, 14 आठवड्यांचे वर्ग, शिकवणारी माणसं तिथलीच. घरखर्चाचा हिशेब आणि बचत हाही त्या वर्गांचा भाग होता, म्हणजे गरिबीचा मुद्दा त्यांनी बाजूला टाकला नव्हता. काही महिन्यांनी विचारलं तेव्हा वर्गाला आलेल्या पालकांनी सांगितलेल्या मारहाणीचं प्रमाण असे वर्ग न मिळालेल्या गटापेक्षा 45 टक्क्यांनी कमी होतं. पण मुलांना विचारलं तर मारात फरक दिसला नाही. टीकाकार याच ओळीवर बोट ठेवतात, आणि ठेवायलाच हवं. पालक वर्गात काय बोलायचं ते शिकले, घरात काय करायचं ते शिकले नाहीत, असा याचा अर्थ होऊ शकतो.

पण त्याच मुलांनी आणखी काही सांगितलं. आईबाप आता आमच्यात जास्त लक्ष घालतात, आम्ही कुठे आहोत हे त्यांना माहीत असतं, हे पालकांबरोबर मुलंही म्हणाली. माझा मुद्दा आठवा: पोराने सांगावं यासाठी आधी कोणीतरी विचारणारं हवं. ते घडत असेल तर मी या वर्गांना नापास करणार नाही. मात्र खानदेशात असं काही सुरू झालं तर यशाचा दाखला पालकांच्या तोंडून घेऊ नका, मुलांना विचारा, हा धडा त्या निकालातून घ्यावा. लांब पल्ल्याचं म्हणाल तर जमैकात 1986-87 मध्ये वाढ खुंटलेल्या 129 बाळांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या काही बाळांच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला जाऊन आईला बाळाशी खेळायला, बोलायला दाखवत होत्या. 20 वर्षांनी ती मुलं तशा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त कमावत होती. प्रयोग लहान होता, मारहाणीविषयीही नव्हता. पण आईबापाच्या वागण्यावर केलेली गुंतवणूक वाया जाते म्हणणाऱ्यांनी तो एकदा बघावा.

चालवणार कोण, हा खरा व्यवहारातला प्रश्न. नव्वदच्या दशकात गडचिरोलीच्या खेड्यांत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरी जाऊन नवजात बाळ तपासत, गरज पडली तर इंजेक्शनही देत. हे डॉक्टरशिवाय कसं होईल, असं विचारणारे तेव्हा कमी नव्हते. 39 गावांत नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी उतरले, 1999 मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि 2011 पासून तीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर गेली. बाळाच्या श्वासाइतकी नाजूक गोष्ट गावची बाई शिकू शकते, तर पालकांचा गोल चालवणं तिला का जमू नये?

पण म्हणून ते अंगणवाडी सेविकेच्या माथी मारायचं नाही. पोषण ट्रॅकरवर फोटो, वजनं, गृहभेटी, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं. डिसेंबर 2023 मध्ये राज्यातल्या सेविका संपावर गेल्या तो दीड महिन्याहून जास्त चालला. त्याच बाईला आणखी एक रजिस्टर दिलंत तर ती ते भरेल, आणि फक्त भरेल. यासाठी गावातून वेगळी दोन माणसं हवीत, एक बाई आणि एक बाप्या, त्यांना मानधन हवं आणि पाठीशी तालुक्याला कोणी जाणता माणूस हवा. बाप्या यासाठी की बचत गटाच्या बैठकीत हे चालवलं की आयाच येतात, आणि पोर बिघडलं की दोष आईला द्यायची सोय पक्की होते. बाप कुठे भेटतो? दूध डेअरीवर, सलूनमध्ये, रावेर-यावलकडे केळी कापणीच्या टोळीत. तिथे जावं लागेल. हंगामाचंही पाहावं लागेल: आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कोयते परतलेले असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात, पेरणीला अवकाश असतो. मुंबईत बसून ऑगस्टमध्ये सुरू करा असा आदेश निघाला तर निंदणीच्या दिवसांत रिकाम्या सतरंज्यांचे फोटो निघतील. बैठकीसाठी नवी समितीही नको. शिक्षणहक्क कायद्याच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच आहेत, गाव बाल संरक्षण समित्या कागदावर आहेत. त्यांना काम द्या.

शेवटचा मुद्दा सरकारला अडचणीचा आहे. नंदुरबार, तळोदा, धुळे, यावल या आदिवासी प्रकल्प कार्यालयांच्या आश्रमशाळांत हजारो मुलं वर्षातले बहुतेक महिने राहतात. त्या मुलांचं पालक सरकार आहे. सकाळी उठवणारा, जेवायला वाढणारा, आजारी पडल्यावर दवाखान्यात नेणारा आणि चूक झाली की हात उगारणारा अधीक्षक सरकारी पगारावर आहे. तिथे शिक्षणहक्क कायदा लागू आहे, तरी छडी गेलेली नाही हे त्या शाळांतून शिकलेला कुठलाही तरुण सांगेल. म्हणून पहिला वर्ग अधीक्षकांचा, स्वयंपाक्यांचा आणि मुक्कामी शिक्षकांचा घ्या. पूर्ण तीन महिन्यांचा घ्या, आणि शेवटी फरक पडला का हे मुलांना विचारा, अधीक्षक खोलीबाहेर असताना. मुलांची उत्तरं सूचनाफलकावर लावा. मगच पाड्यावर जाऊन भिल्ल आईबापांना गोलात बसायला बोलवा.